सेनेका आणि हेमाद्री

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचे गाव आहे. तेथील कोरीव स्तंभ, पडकी मंदिरे आणि बारव पाहून येणारा बहुतेक प्रवासी एकच शब्द सोबत आणतो: हेमाडपंती. चुन्यावाचून दगडात दगड बसवण्याची ही रीत हेमाद्रीहून जुनी. तरी लोकांनी ती त्याच्याच नावावर करून टाकली. त्या नावामागच्या माणसाची चौकशी मात्र क्वचितच होते.

हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राजदफ्तराचा प्रमुख. महादेव यादवाच्या पदरी असताना त्याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा व्रते-दाने सांगणारा अवाढव्य ग्रंथ रचला आणि त्यात धन्याच्या कुळाची प्रशस्तीही गायिली. १२७१ च्या सुमारास महादेवाचा पुत्र आमण गादीवर आला. पुतण्या रामचंद्राने, नटांच्या मेळ्यासोबत किल्ल्यात शिरून म्हणतात, आमणाला पकडले. त्याचे डोळे काढल्याचे महानुभाव परंपरा सांगते. हेमाद्रीचे पद मात्र कायम राहिले. ज्याची प्रशस्ती लिहिली, त्याच्याच मुलाला पदच्युत करणाऱ्या राजाच्या पदरी.

येथे रोमच्या सेनेकाची आठवण अपरिहार्य ठरते. इ. स. ५५ मध्ये नीरोचा सावत्र भाऊ ब्रिटानिकस मेजवानीतच मेला. विषप्रयोगाचे बोलणे तेव्हापासून आहे. त्यानंतर थोड्याच काळात नीरोच्या या गुरूने त्याच तरुण सम्राटाला उद्देशून दयेवर ग्रंथ लिहिला. ५९ मध्ये नीरोने आईला मारविले, तेव्हा सेनेटला धाडलेले समर्थनपत्र सेनेकाच्या हातचे होते, असे टॅसिटस नोंदवतो.

सेनेकाला ढोंगी म्हणणे सोपे आहे. पण तो दरबार सोडून गेला असता, तर नीरोला आवरणारे कोण उरले असते? हा प्रश्न हेमाद्रीलाही लागू पडतो. फरक एवढाच की सेनेकाची घालमेल त्याच्या लिखाणातून जाणवते. हेमाद्रीच्या व्रतांच्या आणि दानांच्या याद्यांत तो स्वतः सापडत नाही. त्याच्याविषयी बोलतात ते महानुभाव, आणि ते त्याला वैरी मानत. टॅसिटसही निःपक्ष नव्हता. दोघांनाही तोलूनच वाचावे लागते.

सेनेकाला ६५ मध्ये नीरोच्याच आज्ञेने शिरा कापून घ्याव्या लागल्या. रामचंद्र मात्र दीर्घकाळ राज्य करीत राहिला. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला, अपार खंडणी घेऊन परतला आणि त्याच वर्षी चुलता व सासरा असलेल्या जलालुद्दीनाला मारवून दिल्लीच्या तख्तावर बसला. त्या तख्ताची किंमत बऱ्याच अंशी रामचंद्राच्या तिजोरीतून गेली होती.