निळी काच

बाबांच्या टेबलाच्या खणात एक निळी काच आहे. भिलाईच्या स्टील मेल्टिंग शॉपमध्ये भट्टीत डोकावताना ती ते डोळ्यांसमोर धरत. मी एकदा विचारलं, यातून काय दिसतं? म्हणाले, "जाळ बघायचा नसतो गं. जाळात फरक कधी पडतो, ते बघायचं."

हे कळायला मला एक ग्रह भेटावा लागला. नाव ओगल-२००५-बीएलजी-३९०एलबी. ओगल ही पोलंडच्या खगोलशास्त्रज्ञांची चिलीतल्या दुर्बिणीवरून चाललेली मोहीम. पण मराठी कानाला आधी ऐकू येते कऱ्हाडजवळची ओगलेवाडी, आणि आठवतो आजीच्या माजघरातला तिथला प्रभाकर कंदील.

ग्रहाला मात्र कंदिलाएवढाही उजेड नाही. वृश्चिक आणि धनू यांच्या शिवेवर, सुमारे वीस हजार प्रकाशवर्षं दूर, एका मिणमिणत्या तांबड्या ताऱ्याभोवती तो फिरतो. थंडी उणे २२० अंशांच्या आसपास. त्याला कुणीही पाहिलेलं नाही.

एक तारा दुसऱ्याच्या अगदी समोरून गेला, तर पुढच्याच्या गुरुत्वाने मागच्याचा प्रकाश वाकतो, भिंगातून यावा तसा वाढतो. आइन्स्टाइनने हे १९३६ साली लिहिलं, आणि असं दिसण्याची फारशी आशा नाही, हेही लिहिलं. २००५च्या जुलैत त्या तांबड्या ताऱ्यामागचा एक तारा असाच उजळत गेला. ३१ जुलैला कळस झाला, मग उतार लागला. १० ऑगस्टला त्या उतारावर प्रकाश किंचित पुन्हा चढला. एका दिवसाच्या आत ओसरलासुद्धा. चिली आणि ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणी जाग्या होत्या, म्हणून तेवढं टिपलं गेलं. एवढ्याशा उंचवट्यावरून साडेपाच पृथ्व्यांच्या वजनाचा ग्रह हाती लागला.

भिलाईत तेव्हा श्रावण लागून चारपाच दिवस झाले होते. ढगांमागे तो कोपरा दिसणं शक्यच नव्हतं. पण ढगांचं आणि आमचं नातं जुनं. बाबा नाइट शिफ्टला असले, की आम्ही क्वार्टरच्या अंगणात बाजा टाकून पडायचो. कारखान्यात तापलेली मळी ओतली, की ढगांची पोटं तांबूस व्हायची, क्षणभर, आणि विझायची. आई कूस बदलत म्हणायची, "काम चालू आहे बरं का." भट्टीपुढे उभे असलेले बाबा आम्ही कधीच पाहिले नाहीत. त्यांची रात्र आम्हाला ठाऊक होती ती एवढीच, ढगांवर उमटलेली.

आता बाबा नाहीत. मी कधीतरी ती काच डोळ्याला लावते. साधा दिवा जांभळट दिसतो, बाकी काही नाही.

ते दोन तारे केव्हाच आपापल्या वाटेने पांगले. तशी एका रेषेत गाठ पुन्हा पडायची नाही.