सोबत्याविना

1977 च्या मार्चमध्ये लोकसभेसाठी मी आयुष्यातले पहिले मत दिले, असे मी आजवर चारचौघांत सांगत आलो आहे. परंतु काटेकोर बोलावयाचे तर ते मत वडिलांनी दिले आणि मी त्यांचे कोपर धरून शेजारी उभा होतो. मला जन्मतःच दृष्टी नाही, आणि मतपत्रिकेवरील चिन्ह ज्यास ओळखता येत नाही अशा इसमास सोबती नेण्याची मुभा निवडणूक नियमांत तेव्हाही होती. वडील एका पक्षाचे कट्टर अभिमानी, मी वसतिगृहातल्या वादविवादांनी भारून दुसऱ्याच बाजूस कललेला. त्यांच्या कानात मी माझ्या पसंतीचे चिन्ह सांगितले. ते क्षणभर थांबले, मग शिक्क्याचा आवाज झाला, कागदाची घडी पडली आणि ती पेटीत सरली. वडील सत्यवचनी होते आणि त्यांच्या इमानाविषयी मला आजही तिळमात्र संदेह नाही. तथापि तो शिक्का नेमका कोठे उमटला हे मला कधीच कळावयाचे नव्हते, आणि हे मला त्या कोवळ्या वयातही खटकले.

विवाहानंतर हे काम पत्नीकडे आले. सोबती अठरा वर्षांहून कमी वयाचा नसावा, त्याने त्या दिवशी दुसऱ्या कोणा मतदाराचा सोबती म्हणून काम केलेले नसावे, आणि दिलेले मत गुप्त राखीन असे त्याने लिहून द्यावे, अशी नियमाची तजवीज आहे. त्याची नोंद केंद्राध्यक्ष नमुना 14-अ मध्ये करतात. पत्नी ही प्रतिज्ञा दर खेपेस मोठ्या गांभीर्याने सही करून देई, आणि पायऱ्या उतरताना हळूच म्हणे, "तुमच्या मनासारखं दाबलं हो, नाइलाजानं!" कारण तिचे राजकारण माझ्या नेमके उलट. तिने माझे मत अवघ्या जगापासून गुप्त राखले; फक्त ते तिच्यापासून गुप्त राखण्याची सोय त्या नमुन्यात नव्हती, आणि निकालानंतरचे दोन आठवडे घरात ते माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जाई.

पुढे मतदान यंत्रांवर प्रत्येक निळ्या बटणाशेजारी ब्रेलमध्ये अनुक्रमांक आले, आणि उमेदवारांची नावे व पक्ष ब्रेलमध्ये छापलेली नमुना मतपत्रिका केंद्रावर ठेवण्याची व्यवस्था झाली. ही कोणाची मेहेरबानी नव्हती. अपंगांच्या हक्कांसाठी झगडणारे जावेद आबिदी आणि त्यांचे सहकारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा कोठे 2004 साली मतदान केंद्रांवर उतरणी बांधण्याचा विषय सरकारी दप्तरात गांभीर्याने आला. आणि 2016 च्या अपंगांच्या हक्कविषयक कायद्याच्या अकराव्या कलमाने सर्व केंद्रे आणि निवडणुकीचे सर्व साहित्य अपंगांस सुगम करण्याची जबाबदारी निवडणूक आयोगावर टाकली.

कायदा दिल्लीत होतो आणि उतरणीची फळी गावातल्या शाळेत टाकली जाते, हा मधला प्रवास मात्र लांबचा. आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही पाचसहा जण दरखास्त घेऊन कचेरीत गेलो, तेव्हा चाकाच्या खुर्चीवरील माझ्या एका मित्राने सोबत मोजपट्टी आणली होती. मतदान केंद्राच्या शाळेत दोन फूट उंचीच्या ओट्यास सहा फुटांची फळी लावून तिला उतरण म्हटले होते. एका फुटाच्या चढास बारा फूट लांबी या मापाने ती चोवीस फूट हवी होती. साहेबांनी आकडे लिहून घेतले, चहा मागविला आणि मला प्रेमाने विचारले, "काका, तुम्ही घरूनच का मत देत नाही?" चाळीस टक्के वा अधिक अपंगत्वाचा दाखला असणाऱ्यास 12-डी नमुना मुदतीत भरून घरी टपाली मत देता येते, हे मला ठाऊक होते, आणि अंथरुणास खिळलेल्यांस ती सोय अमोल आहे, पण माझे पाय शाबूत होते, आणि कागदाच्या त्या मतपत्रिकेवर खूण करावयास मला पुन्हा कोणी डोळस लागलाच असता.

20 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेसाठी मी पत्नीस दाराशी थांबवून एकटा आत गेलो. ब्रेल पत्रिका मागितली तेव्हा खोलीत शांतता पसरली. "सोबत बाई आहेत ना?" केंद्राध्यक्षांनी विचारले, त्यांच्या स्वरात तुसडेपणा नव्हता, फक्त मागची रांग त्यांच्या मनात होती. मी नियम सांगितला. पिशव्या उघडल्या, लाख फुटली, आणि बऱ्याच वेळाने जाड कागदाची एक पत्रिका, घडी न मोडलेली, माझ्या हाती आली.

येथे एक अडचण उद्भवली, जी डोळस माणसाच्या स्वप्नातही येणार नाही. शाई लावतात डाव्या तर्जनीस. आणि गेली साठ वर्षे मी वाचतो तेही डाव्या तर्जनीनेच. उजव्या बोटाने मला अक्षरे ओळखता येतात, पण पहिलीतल्या मुलासारखी, अडखळत. म्हणून मी आधी पत्रिका वाचून अनुक्रमांक मनात पक्का केला, मग शाईसाठी हात पुढे केला, आणि ती वाळेपर्यंत बोट हवेत धरून उभा राहिलो. मागून कोणीतरी खाकरले.

यंत्रावर बोट वरून खाली नेले. एक, दोन, तीन; ठिपके बारीक पण स्पष्ट होते. माझ्या आकड्याशी येऊन मी पुन्हा मागे गेलो, पुन्हा मोजले, आणि बटण दाबले. काचेआड सात सेकंद दिसणारी ती चिठ्ठी माझ्यासाठी नव्हती. ते सात सेकंद मी यंत्रासमोर तसाच उभा राहिलो, मग तो लांबलचक आवाज झाला. माझ्या मताची चिठ्ठी अजूनही कोणाच्या तरी डोळ्यांवाचून मला वाचता येत नाही, आणि त्याची तक्रार मी पुढच्या दरखास्तीत लिहिली आहे.

बाहेर पत्नीने माझा दंड धरला. फाटकापर्यंत ती काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर तिने माझा डावा हात आपल्या हाती घेऊन बोट निरखले, आणि जरा वेळाने म्हणाली, "शाई पेरापर्यंत आलीय. अहो, वाचायला अडणार नाही ना?"