गुडघाभर पाणी

समुद्रावर आम्ही तीस वर्षे व्याख्याने दिली आहेत. मॅथ्यू आर्नल्डची १८६७ साली प्रसिद्ध झालेली 'डोव्हर बीच' ही कविता शिकविताना लाटांचा विषण्ण स्वर शेवटच्या बाकापर्यंत पोहोचविण्यात आम्ही बऱ्यापैकी यशस्वी होतो, अशी आमची समजूत आहे. परंतु प्रत्यक्ष समुद्राशी आमचा परिचय गुडघ्यापलीकडे गेला नव्हता. आम्ही देशावरचे, पोहता येत नाही, आणि ही उणीव आम्ही रसिकतेच्या शालीखाली झाकून ठेविली होती. समुद्राचे खरे दर्शन काठावरूनच घडते, असे एक मतही सोयीसाठी बनविले होते!

यंदा मालवणास आमच्या कन्येने ती शाल ओढून काढली. सिंधुदुर्गाजवळच्या खडकांत, डोळ्यांवर काच लावून व तोंडात नळी धरून, पाण्यावर पालथे पडावयाचे, असा तिचा बेत. होडीवाल्याने बोटांवरच हिशेब केला. आज षष्ठी, सहाची पाऊणपट साडेचार, तेव्हा भरती, म्हणून सकाळी सव्वादहाच्या सुमारास सुकती. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, एवढ्यावर हा सारा हिशेब उभा आहे. आमच्या पदवीत तो कोठेही नव्हता.

"काका, नाकान नको, तोंडान दम घेवा," तो म्हणाला, "आणि पाय टेकू नका. खाली जीव आसत."

कमरेला तरंगते कडे बांधून आम्ही तोंड पाण्यात घातले. प्रथम केवळ स्वतःच्या श्वासाचा घोगरा आवाज ऐकू आला. मग खाली पिवळसर, तपकिरी प्रवाळांची वस्ती दिसू लागली. काळ्या पट्ट्यांचे मासे आमच्या बोटांची दखल न घेता ये-जा करीत होते. किती वेळ गेला, कोण जाणे. आणि एकाएकी नळीत पाणी शिरले. घशाला खारट चटका बसला, आणि 'आता संपले' या एकाच विचाराने आम्ही दोन्ही पाय खाली रोवले.

पायाखाली काहीतरी कडकन मोडले.

छातीइतके पाणी होते! होडीवाल्याने दंडाला धरून आम्हांस वर ओढले व एक शब्दही बोलला नाही. त्याचे ते मौन आम्हांस फार लागले. प्रवाळ म्हणजे असंख्य इवल्या जीवांनी चुन्याचे रचलेले घर. त्यातले कित्येक प्रकार वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. समोर १६६४ साली पायाभरणी झालेला किल्ला उभा होता, आणि आम्ही मात्र किती वर्षांचे बांधकाम एका क्षणात पाडले, याचा अदमास घेत ओलेते बसलो होतो.

"अहो, कसा वाटला समुद्र?" काठावर कुटुंबाने विचारले. आम्ही माशांचे रंग सांगू लागलो. कन्या आमच्या तोंडाकडे पाहत राहिली. तेव्हा मग पायाचीही गोष्ट सांगितली.

रात्री झोप लागेना. गाज ऐकत पडल्या पडल्या आम्ही सातांची पाऊणपट केली. सव्वापाच. म्हणजे ओहोटी अकराच्या सुमारास.