विहिरीच्या पोटातलं नाशिक

सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या शेजारीच गारगोटी संग्रहालय आहे. शिर्डीला निघालेल्या गाड्या वाटेत तिथे थांबतात, मंडळी तासाभरात बघून पुढच्या रस्त्याला लागतात. मी मात्र तेवढ्यासाठीच गेले होते. कितीतरी वर्षं नाशिकमध्ये राहून आपल्या पायाखाली काय आहे हे नीट पाहिलेलं नव्हतं, ते पाहायचं होतं.

आत काळोखात उजेडाचे चौकोन आहेत आणि प्रत्येक चौकोनात एक दगड. फिकट हिरवा अपोफिलाइट, पीचच्या रंगाचा स्टिलबाइट, मोत्याची झाक असलेला ह्यूलँडाइट, पुण्याजवळच्या वाघोलीहून आलेला गर्द निळा कॅव्हन्साइट. हा कॅव्हन्साइट पहिल्यांदा सापडला अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, १९६७ साली. पण त्याचे जगातले सर्वांत देखणे नमुने निघाले ते वाघोलीच्या दगडखाणींतून. आणि पॉवेलाइट. नाशिकच्या पांडवलेणीजवळच्या खाणीतला पॉवेलाइट खनिजांचा नाद असलेल्या माणसाला, मग तो जर्मनीत असो की जपानमध्ये, नावानिशी ठाऊक असतो. अतिनील प्रकाशाखाली तो पिवळा उजळतो. आमच्यापैकी किती जणांना हे माहीत असेल? पांडवलेण्यांना तर आम्ही सगळे शाळेच्या सहलीत जाऊन आलो आहोत.

हे सगळं काळ्या पाषाणात कसं आलं, ते समजून घेतल्यावर मी पुन्हा पहिल्या दालनापासून सुरुवात केली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन फाटली आणि लाव्हा वाहत राहिला, थरावर थर चढत गेले. आज त्यांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश झाकलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यावर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे हेच थर. लाव्हा थिजताना त्यातला वायू वर येतो आणि थराच्या माथ्याशी फुग्यांच्या जागा रिकाम्या राहतात. विहीर खोदणारे अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात. पुढे प्रचंड काळ त्या पोकळ्यांतून कोमट पाणी झिरपत राहिलं. त्यानं खडकातली सिलिका, चुना, ॲल्युमिना विरघळवून आणली आणि भिंतींवर कण कण ठेवली. जिथे जागा होती तिथे स्फटिकाला मनासारखं वाढता आलं. एका पेटीतले ओकेनाइटचे गोळे इतके मऊ दिसतात की सावरीचा कापूसच वाटावा, आणि बोट लावलं तर त्यांचे तंतू कायमचे दबतात.

यातली बरीच खनिजं झिओलाइट कुळातली. १७५६ साली क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजतज्ज्ञानं असा एक दगड तापवला, तर तो उकळल्यासारखा बुडबुडायला लागला. त्याच्या रचनेत पाणी असतं, आणि तापवल्यावर ते बाहेर पडतं. आज कारखान्यात बनवलेले झिओलाइट कपडे धुण्याच्या पावडरीत असतात, तेलशुद्धीकरणात असतात. मला मात्र तिथे उभं असताना सिन्नरचा पूर्वेकडचा भाग आठवत होता. दुष्काळाचा मुलूख. तिथे माणसानं पाण्यासाठी विहीर खोदायला घ्यावी, सुरुंग लावावा, आणि पाण्याच्या आधी हाती यावा तो पाणी धरून बसलेला दगड.

कारण हे स्फटिक कुणा शास्त्रज्ञानं शोधून काढलेले नाहीत. विहिरी खोदणाऱ्यांच्या, खडी फोडणाऱ्यांच्या, रस्त्यासाठी डोंगर कापणाऱ्यांच्या हाती ते लागले. पोकळी दिसल्यावर हात आखडता घेणारा, छिन्नी जपून चालवणारा एखादा माणूस तिथे होता, म्हणून काचेतला तो नमुना शाबूत आहे. खनिजाच्या पाटीवर त्याचं नाव आणि गाव लिहायची पद्धत जगभर आहे. काढणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत सहसा दिसत नाही. ती पडायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

के. सी. पांडे यांनी २००१ साली हे संग्रहालय उभं केलं. त्यांच्या कामाचं मोल माझ्या लेखी फार मोठं आहे, आणि ते सौंदर्यापुरतं नाही. हे दगड ज्या जमिनीतून निघाले तिच्याजवळच राहिले, हे महत्त्वाचं. नाशिक जिल्ह्यातल्या बाकीच्या गोष्टींचं काय झालं ते आठवलं, म्हणजे हे पटतं.

गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात त्या नांदूरमध्यमेश्वरला आपण आता पक्षी बघायला जातो. २०२० साली त्याला रामसर दर्जा मिळाला, महाराष्ट्रातली ती पहिली रामसर पाणथळ. त्याच परिसरात गोदावरीच्या जुन्या गाळात एका नामशेष हत्तीचे अवशेष सापडले. आजच्या हत्तीहून कितीतरी दांडगं हे जनावर. १९०५ साली पिलग्रिम या भूशास्त्रज्ञानं त्या अवशेषांविषयी लिहिलं, ते कलकत्त्याहून निघणाऱ्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात. जगातले अभ्यासक तो लेख काढून वाचतात. निफाडच्या शाळेतल्या मुलांना आपल्या नदीकाठी असा हत्ती फिरत होता, हे कुणी सांगितलंय का?

गंगापूरच्या बाजूला, गोदावरीच्या काठावर अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं मिळाली. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी १९५२ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. १९५०-५१ मध्ये त्यांनी आणि शां. भा. देव यांनी नाशकात मातीच्या गढीवर उत्खनन केलं. पण आज नाशिककराला गाव किती जुनं आहे हे विचारलं, तर तो रामायणाकडे बोट दाखवतो. गावातल्या त्या गढीकडे नाही.

आणि जोगलटेंभी. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला शिक्का पुन्हा उठवलेला होता. पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत, आणि गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा आपल्या मुलाचे पराक्रम सांगणारा लेखही तिथेच आहे. लेण्यातल्या शब्दांना शेतातल्या चांदीनं साक्ष दिली. पण ही साक्ष देता आली ती हजारो नाणी एका जागी, एकत्र मिळाली म्हणून. त्यातलं एकच नाणं बाजारात आलं असतं, तर कुणी त्याचं वजन केलं असतं आणि भाव विचारला असता. आता ती नाणी ठिकठिकाणच्या संग्रहांत पांगलेली आहेत.

दगडाचंही तसंच. कोणत्या गावची विहीर, किती खोलीवर, सोबत कोणकोणती खनिजं होती, हे ठाऊक असेल तर अभ्यासकाला त्या पोकळीतून कसलं पाणी गेलं, किती गरम होतं, कोणतं खनिज आधी बसलं, हे उलगडता येतं. ते ठाऊक नसेल तर उरते ती शोभेची वस्तू. म्हणून पाटीवर नुसतं ‘नाशिक’ लिहिलेलं मला पुरत नाही. जिल्हा केवढा आहे!

संग्रहालयातून निघून मी सिन्नर गावात गोंदेश्वराला गेले. यादवकाळातलं हे पंचायतन मंदिर स्थानिक काळ्या पाषाणातच घडवलेलं आहे. ऊन उतरणीला लागलं होतं. शिल्पांच्या कडा झिजल्यात, काही चेहरे ओळखू येत नाहीत, आणि झिजलेल्या जागी कुठे कुठे खडकातले पांढरे ठिपके उघडे पडलेत. सकाळपर्यंत मी त्यांना दगडाचे डाग समजले असते. आता कळत होतं की हे लाव्हातले भरून आलेले बुडबुडे आहेत. शिल्पकाराची छिन्नीही त्यांच्यावरून फिरलेली होती.

समृद्धी महामार्ग सिन्नर तालुक्यातूनच गेला आहे. खडीची मागणी वाढतच राहणार, विहिरी आणखी खोल जाणार. ते थांबावं असं मी म्हणत नाही. पाणी हवं, रस्ते हवेत. पण सुरुंगाला पाषाण आणि पोकळी यांतला फरक कळत नाही, तो माणसालाच कळायला हवा.

तेव्हा शिर्डीच्या वाटेवर असाल तर गारगोटीला घाईचा थांबा देऊ नका. मुलांना घेऊन अर्धा दिवस काढा आणि तिथून गोंदेश्वराला जा. तुमच्या शेतात विहिरीचं काम चालू असेल आणि काही वेगळं निघालं, स्फटिक, हाड, नाणं, घडवलेला दगड, तर ते फोडू नका, धुऊ नका. आधी जागेवरच फोटो काढा. गावाचं नाव, गट क्रमांक, किती फुटांवर निघालं आणि कुणाच्या हाती लागलं, हे कागदावर लिहून वस्तूसोबत ठेवा. नाण्यांसारखं काही असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्यानं बंधनकारकच आहे. बाकीचं निदान संग्रहालयात नेऊन दाखवा.