पुसण्याआधी

महापे, रबाळे, ऐरोलीच्या पट्ट्यात पूर्वी रसायनांचे कारखाने गजबजलेले असत. आता त्यांच्या शेजारी बिनखिडक्यांची डेटा सेंटर उभी आहेत. तिथल्या सर्व्हरवरचा डेटाबेस सांभाळणं हे माझं काम. त्याची प्रत हैदराबादेत चालते. लोकांना वाटतं, या धंद्यात जपणं अवघड. जपायला डिस्क आणि बॅकअप लागतो. कस लागतो तो पुसताना.

आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ओळ बदलली की जुनी जागच्या जागी राहते, नवी वेगळी लिहिली जाते आणि इंडेक्समध्ये बहुतेक वेळा दोघींच्या नोंदी असतात. जुनी कुणाही वाचकाला लागेनाशी झाली की ती मेली. मेलेल्या ओळी उचलतो तो व्हॅक्यूम. त्याचा क्रम मला फार आवडतो: आधी मेलेल्या ओळींचे पत्ते गोळा करायचे, मग प्रत्येक इंडेक्समधून ते खोडायचे, शेवटी ओळींची जागा मोकळी करायची. वाशीतल्या सोसायटीत भाडेकरू बदलला पण खालच्या पाटीवर जुनंच नाव राहिलं, तर कुरिअरवाला भलत्याच्याच दारात उभा. क्रम उलटा केला तर इथेही तेच, फक्त बोभाटा होत नाही.

एकाच सर्व्हरवर एवढं पुरतं. पण मूळ सर्व्हरला दिसतात ते त्याचेच वाचक. हैदराबादेत कुणी महिनाअखेरीचा अहवाल काढत बसलंय, हे त्याला ठाऊक नसतं. इथली साफसफाई तिकडे पोचते, तिकडचा सर्व्हर डीफॉल्ट सेटिंगप्रमाणे ३० सेकंद दम धरतो आणि मग अहवालच रद्द करतो. फोन मला येतो. यावर हॉट स्टँडबाय फीडबॅकची सोय आहे: मी अजून वाचतेय, एवढं प्रत मूळ सर्व्हरला कळवते. ऐकायला सभ्य, पण तिकडच्या एका रेंगाळलेल्या अहवालापायी इथली टेबलं सुजतात. म्हणून मी अहवालांसाठी वेगळी प्रत मागतो, ती तासभर मागे पडली तरी चालते. आपत्तीसाठीची प्रत कुणालाच वाचायला देत नाही. तिसऱ्या सर्व्हरचा खर्च साहेबांच्या गळी उतरवणं हा पुसण्याच्या कौशल्याचाच भाग धरावा.

अख्खा इंडेक्स काढायची वेळ आली की नवखी मुलं वापराचा आकडा शून्य दाखवून हात सरसावतात. हे आकडे प्रत्येक सर्व्हर स्वतःपुरते ठेवतो. मुळावरचं शून्य प्रतीबद्दल काहीच सांगत नाही. २०१२ च्या ९.२ आवृत्तीपासून ‘ड्रॉप इंडेक्स कन्करंटली’ आहे, त्याने टेबल अडत नाही. पण गरज होती का, ते त्याला कुठून कळणार? मुळावरचे आणि अहवालांच्या प्रतीवरचे आकडे बघूनही मी मार्चअखेर उलटू देतो. वर्षातून एकदाच चालणारे अहवाल असतात.