नेट आहे, पण पेज नाही!

हॉस्टेलवर कुणाचाही कॉम्प्युटर अडला की तीन सल्ले ठरलेले: रॅम वाढव, फायरफॉक्स काढून परत टाक, नाहीतर सरळ फॉरमॅट मार. माझ्या व्हर्च्युअल मशीनसाठीही मित्रांनी फोनवरून हेच तिन्ही सांगितले. लॅबमधून पेनड्राइव्हवर आणलेली लिनक्सची जुनी इमेज, व्हर्च्युअलबॉक्समध्ये टाकलेली. हॉस्टेलवर एकदम मक्खन चालायची. दिवाळीच्या सुट्टीत घोडपदेवला घरी आलो आणि तिच्या नेटला काय झालं कोण जाणे. पूर्ण बंद असतं तरी परवडलं असतं! एखादं पेज उघडायचं, एखादं नुसतं गोल गोल फिरायचं, आणि तेच लगेच परत दाबलं की झटकन समोर. मिनी प्रोजेक्टची पॅकेजेस उतरवायची बाकी आणि सुट्टीचे चारच दिवस शिल्लक.

त्यात आमचे काका. नेटचं बिल ते भरतात. माझ्या स्क्रीनवरचं फिरणारं चक्र बघून त्यांनी निकाल दिला, "त्या नेटवाल्या पोराला या महिन्याचे पैसे द्यायचे नाहीत." हा पोरगा आमच्याच वाडीतला, खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन गच्च्या चढणारा. वसुली कमी आली की त्याच्याच पगारातून कापतात, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक. म्हणजे आता मामला माझ्या प्रोजेक्टपुरता राहिला नव्हता.

विंडोजमध्ये तीच साइट भराभर उघडत होती. मग मशीनच्या आतून ८.८.८.८ ला पिंग मारला. उत्तरं एकही न चुकता आली. वायर बिचारी ठणठणीत! पण आकड्याऐवजी साइटचं नाव देऊन पिंग मारला की कर्सर नुसता लुकलुकत बसायचा. मोबाइलवर वेळ लावली. दर वेळी पाच सेकंद, मग सुरळीत.

मित्रांनो, इथे चोर सापडला. नावाचा आकडा करून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस, पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडलेली. कुठल्या सर्व्हरला विचारायचं हे लिनक्समध्ये 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' या फाइलीत असतं. लॅबच्या इमेजमध्ये ते कुणीतरी हाताने लिहून ठेवलं होतं: पहिल्या ओळीत कॉलेजच्या आतला सर्व्हर, दुसऱ्या ओळीत ८.८.८.८. कॉलेजचा सर्व्हर घोडपदेवहून कसा दिसणार? समजा, कॉटन ग्रीनला उतरून तुम्ही पत्ता विचारायला एका ठरलेल्या दुकानी गेलात. दुकान बंद. तरी पाच सेकंद शटर वाजवायचं आणि मगच शेजारच्याला विचारायचं. पुढच्या पत्त्याला पुन्हा तेच शटर! पाच सेकंद हा लिनक्सचा नेहमीचा थांबायचा वेळ. ब्राउझर नाव थोडा वेळ लक्षात ठेवतो, म्हणून दुसऱ्यांदा पेज लगेच यायचं. आणि चित्रं, जाहिराती दहा ठिकाणांहून ओढणाऱ्या साइट सगळ्यात जास्त रखडायच्या. (नव्या उबुंटूत ही फाइल सिस्टिम स्वतः सांभाळते, तिथे हाताने लिहिलेलं टिकेलच असं नाही.)

नॅटचं ब्रिज्ड करून काही होणार नव्हतं, ओळी त्याच राहिल्या असत्या. मशीन बंद करून व्हीबॉक्समॅनेज या कमांडने नॅटचा डीएनएस प्रॉक्सी चालू केला, आणि फाइलीत दोन्ही ओळी काढून एकच लिहिली: १०.०.२.३. हा व्हर्च्युअलबॉक्सचा आतला पत्ता. आपला लॅपटॉप त्या घडीला ज्या सर्व्हरला विचारतो, त्यालाच तो पुढे विचारतो. घर असो, हॉस्टेल असो, मोबाइलचा हॉटस्पॉट असो.

काकांना दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी लावून दाखवल्या. ते चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे भानगड तुमच्या कॉलेजची होय!" आणि संध्याकाळी पोराला हाक मारून पैसे दिले. वर फराळाची बशीसुद्धा.

सुट्टीनंतर लॅबच्या सरांना सांगितलं. त्यांनी मूळ इमेज दुरुस्त केली आहे. पण आधीच्या कॉप्या हॉस्टेलभर फिरताहेत. तुमची त्यातली असेल, तर घरी नेण्याआधी पहिली ओळ बघून घ्या.