शेंड्याची राखण

निफाडच्या थंडीची बातमी नाशिक शहरात हौसेने वाचली जाते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पाच अंशांखाली उतरला, की चहाच्या टपरीवर गप्पांना ऊत येतो. मला मात्र मामांचा द्राक्षांचा नवा प्लॉट आठवतो आणि पोटात गोळा येतो.

त्या वर्षी फेब्रुवारीत डॉगरीजची जंगली रोपं लावली, सप्टेंबरात त्यांवर थॉमसनचं कलम बांधलं. दिवाळीनंतर बांबूला सुतळीने बांधलेले शेंडे माझ्या छातीला लागले. डिसेंबरात गारठा पडला आणि सगळं जागच्या जागी थांबलं. पेरं आखूड, पानं बारीक. मुळं गारठली की मातीत खत असूनही वेल उपाशी राहते.

मामा पहाटे चारला उठून ठिबक सोडत. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं; नळीखाली हात धरला की बधिर बोटांत जीव येई. ओली माती ऊबही जास्त वेळ धरते. बांधावर पालापाचोळा पेटवला की धूर कमरेएवढ्या उंचीवर बागेत रेंगाळत राही, आणि त्यात मामांची बॅटरी हलताना दिसे.

जानेवारी लागताच शेजाऱ्यांनी रीकट घेतला. कलमाच्या जोडावर दोन-चार डोळे ठेवून काडी कापायची. नव्या फुटीचं पुढे खोड होतं. मला राहवेना.

"मामा, आपण कधी?"

"थंडी हलू दे. गारठ्यात डोळे मागंपुढं फुटले, तर बाग कायमची मागंपुढं राहते."

महिनाभर ते नुसते हिंडत, काडीला नख लावून हिरवेपणा पाहत. त्या थांबण्याइतकं कष्टाचं काम मी मळ्यात दुसरं पाहिलेलं नाही.

फेब्रुवारीत रीकट झाला, फूट एकसारखी आली. एप्रिलात ती मांडवाच्या तारेला पोचली तेव्हा ऊन चाळिशीला टेकलं होतं. उन्हाच्या बाजूने कोवळ्या खोडाची साल भाजते. मामींनी वीतभर जाड पाचट अंथरलं, बुंध्याला टेकू न देता. पाणी सकाळ-संध्याकाळ विभागून दिलं. पश्चिमेकडच्या ओळीला जुन्या साड्या बांधल्या. त्यातली एक मी लहानपणी पांघरलेली, फिकट झालेली जांभळी.

मामी ओळीने बाळ्या, म्हणजे वेलींचे ताणे, खुडत येत होत्या. जांभळ्या काठाला एका बाळीने तीन वेटोळी घालून घट्ट धरलं होतं. मामींनी हात पुढे केला, क्षणभर पाहिलं, आणि ती बाळी तशीच ठेवून त्या पुढच्या वेलीकडे वळल्या.